पोर्टेबल छाती आणि स्कॅटर : मुंबईतल्या एका एक्स-रे विभागाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

आयसीयूची तक्रार अखेर लेखी आली. जाड पेशंटच्या पोर्टेबल, म्हणजे मशीन बेडपाशी नेऊन काढलेल्या, फिल्ममध्ये हृदयाच्या मागचं आणि डायफ्रामच्या खालचं काही कळत नाही. नाकातून घातलेली रायल्स ट्यूब पोटात उतरली की अन्ननलिकेतच वळली हे ठरवता येत नाही, म्हणून फिल्म परत काढावी लागते. तोंडी हे सगळं वर्षभर ऐकतोच आहोत. विभागप्रमुख मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. "फिजिसिस्ट तू आहेस, तूच बघ. पण नवीन मशीन मागू नकोस."

नवीन मशीन लागणारही नाही. केव्ही, म्हणजे एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज, बरोबर येतो, टायमर बरोबर आहे, वायरलेस डिजिटल (डीआर) प्लेटही धडधाकट आहे. अडचण स्कॅटरची, शरीरात विखुरलेल्या किरणांची आहे आणि तिच्यावर आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय म्हणजे एमएएस, सोडायच्या किरणांची मात्रा, वाढवा. जुन्या फिल्मच्या जमान्यात अंगवळणी पडलेली सवय. वाढवल्यावर खरखर थोडी कमी होते हे खरं, पण दुधाळपणा जागचा हलत नाही. सरळ येणारे किरण जितके वाढतात, तितक्याच पटीने विखुरलेलेही वाढतात. पेशंटला डोस जास्त, ट्यूबचं टोक तरीही गायब.

हिशोब एकदा लिहून ठेवते, पुढे सारखा लागेल. प्लेटवर दोन जातीचे फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, पोचतात. शरीरातून सरळ पार झालेले ते प्रायमरी, चित्र तेच काढतात. वाटेत इलेक्ट्रॉनला धडकून वळलेले ते स्कॅटर. कॉम्प्टनने १९२३ मध्ये उलगडून दाखवलेली ही टक्कर आणि आपल्या केव्हीला मऊ पेशींत बहुतेक टकरी याच जातीच्या. असा फोटॉन कुठून आला याची खबर त्याच्याजवळ नसते. तो प्लेटवर कुठेही पडतो आणि सगळ्या चित्रावर करडा थर चढवतो. स्कॅटर प्रायमरीच्या जितके पट असेल त्यात एक मिळवायचा आणि मूळ काँट्रास्टला त्याने भागायचं. दोन्ही सारखे असतील तर काँट्रास्ट निम्मा. स्कॅटर तिप्पट असेल तर चौथा हिस्सा. फुप्फुसात हवा असते, तिथे भागतं. हृदयामागे आणि यकृतावर भागत नाही, आणि डॉक्टरांना ट्यूबचं टोक नेमकं तिथेच बघायचं असतं.

७ जून, शुक्रवार

पेशंटवर प्रयोग करायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरलं. एकही जादा एक्सपोजर नाही. मोजमाप सगळं फँटमवर, म्हणजे शरीराच्या जागी ठेवायच्या ठोकळ्यावर, आणि पेशंटच्या फक्त त्या फिल्म बघायच्या ज्या एरवीही निघणारच होत्या.

फँटमसाठी साकीनाक्याला गेले. दुकानांच्या पाट्या आणि शोकेस बनवणारा एक गाळा आहे, तिथे ३० बाय ३० सेंटीमीटरचे, २ सेंटीमीटर जाडीचे ॲक्रिलिकचे तुकडे कापून घेतले. कापणारा म्हणाला, "शोकेसला एवढं जाड कशाला, ताई?" त्याला सांगितलं की याच्यात माणूस ठेवायचा नाही, हाच माणूस आहे. त्याने मान डोलावली आणि पुढचा तुकडा लावला. अशी गिऱ्हाइकं त्याच्याकडे येत असावीत.

ॲक्रिलिकची घनता १.१९, म्हणजे असा एक तुकडा २ किलो १४० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. त्याच्याच काट्यावर एकेक ठेवून पाहिला. बाजारात २० मिलिमीटर म्हणून विकलेली शीट पुष्कळदा कमी भरते. एक फारच हलका निघाला, तो बदलून घेतला. दहा तुकडे रचले की जाड पोटाला चालेल असा २० सेंटीमीटरचा ठोकळा होतो. पाच रचले की बारीक अंगाचा माणूस.

शिशाच्या चकत्या धारावीच्या चामड्याच्या पंचने पाडल्या. पट्ट्याला भोकं पाडतात ना, तेच हत्यार. ३ मिलिमीटर शिसं त्याला लोण्यासारखं लागतं. सगळ्यात लहान चकती ४ मिलिमीटर व्यासाची, सगळ्यात मोठी १५. हातमोजे घालून काम केलं आणि नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसलं. शिशाची भुकटी ही किरणांपेक्षा जुनी आणि जास्त खात्रीची भानगड आहे.

११ जून, मंगळवार

ओपीडी संपल्यावर खोली मिळाली.

पद्धत साधी आहे. ठोकळ्याच्या एक्स-रे ट्यूबकडच्या बाजूला शिशाची चकती चिकटवायची. तिच्या सावलीत प्रायमरी पोचत नाही, पण सावली पूर्ण काळोखीही नसते, कारण बाजूने स्कॅटर येऊन पडतोच. त्या सावलीतला आकडा म्हणजे त्या जागेचा स्कॅटर. मात्र चकती मोठी घ्यावी तसा ती थोडा स्कॅटरही अडवते. म्हणून वेगवेगळ्या मापाच्या चकत्यांचे आकडे आलेखावर मांडायचे आणि रेषा मागे ओढत शून्य व्यासापर्यंत न्यायची. इमेज हवी ती प्रोसेसिंगच्या आधीची, कच्ची. डॉक्टरांच्या स्क्रीनवर जाते ती इमेज सॉफ्टवेअरने इतकी खुलवलेली असते की तिच्यावर मोजमाप करणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून नवरीचा रंग ठरवणं.

२० सेंटीमीटर, ८० केव्ही, फील्ड (किरण पडतात तो चौकोन) पूर्ण उघडं, ग्रिड (स्कॅटर अडवणारी शिशाची जाळी) नाही. प्लेटवर पोचलेल्या एकूण मात्रेचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग निव्वळ स्कॅटर. पुस्तकांत हेच सांगितलेलं असतं, तरी स्वतःच्या प्लेटवर बघितल्यावर जरा बसायला होतं. फील्ड १० बाय १० केलं तर हा भाग दोन-तृतीयांशाच्या आसपास उतरतो.

मग केव्ही बदलून पाहिला. ७० आणि ९० मध्ये स्कॅटरच्या भागात फारसा फरक नाही. 'केव्ही उतरवला की स्कॅटर जातो' हे आपण विद्यार्थ्यांना सर्रास सांगतो. केव्ही उतरवल्यावर चित्र खुलतं ते मुख्यतः पेशी-पेशींमधला मूळ फरक वाढतो म्हणून. स्कॅटर ठरतो मुख्यतः दोन गोष्टींवर, शरीराची जाडी किती आणि फील्ड किती मोठं.

आणखी एक. प्लेटवर किती किरण पोचले ते सांगणारा एक्स्पोजर इंडेक्स या सगळ्या वेळी ठणठणीत होता, लक्ष्यापासूनचा फरक दाखवणारा डेव्हिएशन इंडेक्स शून्याला खेटून. टेक्निशियन तोच आकडा बघतो आणि निर्धास्त होतो. पण प्लेटला प्रायमरी आणि स्कॅटर यांतला भेद कळत नाही, ती सगळं एकत्रच मोजते. बरोबर आलेल्या त्या आकड्यात चारांतले तीन भाग कचरा असू शकतो.

२० जून, गुरुवार

महिन्याभरातल्या आयसीयूच्या फिल्म काढून बसले. कोलिमेशन, म्हणजे फील्ड हवं तेवढंच उघडणं, कोण करतं, कोण नाही, एवढंच बघायचं होतं. ते इमेजवरून कळतच नाही. सॉफ्टवेअर कडा स्वतःच ओळखून काळी पट्टी लावतं, म्हणजे स्क्रीनवर नेटकी कापलेली छाती दिसते आणि प्रत्यक्षात फील्ड हनुवटीपासून बेंबीपर्यंत उघडं होतं. पट्टी काढून मूळ फील्ड पाहिलं तेव्हा चित्र निराळं होतं. कोपरं, जबडा, बेडची लोखंडी दांडी. एका फिल्ममध्ये सलाइन स्टँडची चाकं.

रात्रपाळीच्या सीनियर दादांना विचारलं. ते अजिबात गडबडले नाहीत. "मॅडम, कोलिमेट करायला काय जातं? पण कॉस्टोफ्रेनिक अँगल कटला तर रात्री अडीचला परत मशीन ढकलत मी जाणार, तुम्ही नाही." बरोबर बोलले. फील्ड उघडं ठेवल्याबद्दल त्यांना कोणी कधी बोललेलं नाही. तो अँगल, म्हणजे फुप्फुसाचा खालचा कोपरा, कापल्याबद्दल मात्र रजिस्टरात नाव लागतं.

त्यामुळे सूचना काढून उपयोग नाही, खुणा द्यायला हव्यात. वरची कड मानेच्या मणक्याच्या ठळक हाडाशी, खालची कड छातीच्या पिंजऱ्याच्या शेवटाखाली चार बोटं, दोन्ही बाजूंना कातडीच्या कडेपर्यंत. एवढं पुरतं. छातीत फील्ड काही १० बाय १० होणार नाही, तेव्हा कोलिमेशनने चमत्कार घडणार नाही हेही मान्य. पण एवढी फुकट गोष्ट दुसरी नाही आणि पेशंटचं पोट व गळा बीमबाहेर राहतात.

८ जुलै, सोमवार

पहाटे एक ते सात या वेळात शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकल ठप्प. दिवसपाळीचे निम्मे लोक पोचलेच नाहीत, रात्रपाळीनेच काम ओढलं. प्रकल्पाचं काही झालं नाही. आयसीयूत पोर्टेबलची यादी मात्र वाढते आहे. पुढचे दोन महिने डेंग्यू आणि लेप्टोचे, म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी आणि फुप्फुसात रक्तस्राव. दोन्हींत छातीचा फोटो पुन्हापुन्हा लागतो आणि दोन्हींत फिल्म धुरकट असेल तर डॉक्टर आंधळे.

१२ जुलै, शुक्रवार

स्टोअरच्या कपाटात जुनी स्थिर ग्रिड सापडली. लेबलवर ८:१, सेंटीमीटरला ६० रेषा. ग्रिड म्हणजे शिशाच्या अतिशय पातळ पट्ट्या उभ्या रांगेत आणि मध्ये किरण सहज पार होऊ देणारं साहित्य. सरळ येणारा फोटॉन फटीतून जातो, तिरका पट्टीवर आदळतो. पट्टीची उंची फटीच्या रुंदीच्या किती पट, तो ग्रिडचा रेशो.

कल्पना एक्स-रेच्या शोधाहून फार धाकटी नाही. राँटगेनचा शोध १८९५ चा आणि गुस्ताव बकीने बर्लिनमध्ये शिशाची जाळी आणली १९१३ मध्ये. त्याच्या जाळीची आडवी-उभी सावली फोटोत उमटायची. शिकागोच्या हॉलिस पॉटरने पट्ट्या एकाच दिशेने ठेवल्या आणि एक्सपोजर चालू असताना ग्रिड हलवली, तेव्हा रेषा पुसल्या गेल्या. टेबलाखालची 'बकी', म्हणजे हलत्या ग्रिडची चौकट, आजही तेच करते. आयसीयूच्या बेडवर हलणारी ग्रिड शक्य नाही, तिथे स्थिरच लागते.

ही जुनी ग्रिड प्लेटवर ठेवून एक एक्सपोजर दिला आणि फँटमभर बारीक पट्टे उमटले. अपेक्षितच होतं. आपल्या प्लेटचा पिक्सेल ०.१४ मिलिमीटरचा, म्हणजे मिलिमीटरमागे सुमारे ७.१ नमुने. ग्रिडच्या रेषा मिलिमीटरमागे ६. वजाबाकी १.१, म्हणजे साधारण दर ०.९ मिलिमीटरला एक खोटी रेघ, ऐन बरगड्यांवर. फिल्मच्या काळात दाट रेषांची ग्रिड उत्तम, कारण रेषा डोळ्याला दिसत नसत. डिजिटल प्लेटला दाट की विरळ हा सवालच नाही, जुळते की नाही हे बघायचं. सेंटीमीटरला ४० रेषांची घेतली तर खोटी रेघ ०.३ मिलिमीटरवर जाते आणि सॉफ्टवेअर ती सहज पुसतं. विक्रेत्याला फोन केला तर त्याने जास्त पैशात ७० रेषांची 'हाय क्वालिटी' सुचवली. ७.१४ वजा ७ हे गणित त्याला करून दाखवलं, सात मिलिमीटर रुंदीचे पट्टे. तो म्हणाला, "मॅडम, असं कोणी विचारत नाही."

१९ जुलै, शुक्रवार

विक्रेत्याने ४० रेषांची ६:१ ची ग्रिड चाचणीसाठी दिली. चकत्यांच्याच पद्धतीने तिची परीक्षा घेतली. प्रायमरीपैकी सुमारे ७० टक्के पार जातो, स्कॅटरपैकी सुमारे २० टक्के. म्हणजे ग्रिड चांगला मालही खाते. मग ती लावायची कोणाला?

याचं उत्तर एका भागाकारात आहे. प्रायमरी पार जाण्याच्या प्रमाणाचा वर्ग भागिले एकूण किरण पार जाण्याचं प्रमाण. एकच्या वर आलं तर त्याच डोसमध्ये ग्रिड फायद्याची, खाली आलं तर तोट्याची. स्कॅटर प्रायमरीच्या चौपट असेल, म्हणजे जाड पेशंटच्या डायफ्रामखाली, तर ०.४९ भागिले ०.३०, उत्तर १.६३. सारखे असतील तर १.०९, म्हणजे असून नसून सारखी. स्कॅटर प्रायमरीच्या निम्मा असेल, म्हणजे लहान मूल किंवा अगदी सडपातळ माणूस, तर ०.९२. तिथे ग्रिड लावणं म्हणजे डोस वाढवून चित्र बिघडवणं. मुलांना ग्रिड नको, हा नियम आपण पाठ केलेला असतो. त्याच्या मागचा आकडा हा.

जाड पेशंटच्या उत्तरात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ग्रिड लावली की प्लेटवरचा इंडेक्स कोसळतो आणि टेक्निशियन तो आधीच्या जागी आणायला एमएएस तिपटीवर नेतो. पण आधीच्या आकड्यात बहुतेक स्कॅटरच होता, त्याची भरपाई कशाला? या हिशोबाने एमएएस न वाढवताही ग्रिडवालं चित्र सरस यायला हवं. फँटमवर मुदत संपलेली रायल्स ट्यूब आणि सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घालायच्या नळीचा) तुकडा चिकटवून पाहिलं. त्याच एमएएसला लाइनचं टोक दिसलं, दीडपटीला निःशंक दिसलं, तिपटीला आणखी काही हाती लागलं नाही. ग्रिडसाठी इंडेक्सचं लक्ष्य वेगळं लावून घेणार.

२९ जुलै, सोमवार

एअर गॅपचा विचार. पेशंट आणि प्लेट यांच्यात १५-२० सेंटीमीटर मोकळी हवा ठेवली की तिरके निघालेले फोटॉन प्लेटच्या बाहेर निघून जातात. शिसं नाही, पट्ट्या नाहीत, खर्च नाही. मात्र चित्र मोठं होतं, म्हणून एक्स-रे ट्यूब मागे, तीन मीटरपर्यंत न्यावी लागते. आपली चेस्टची खोली मोजली. मुंबईत एक्स-रेची खोली आहे हेच पुष्कळ, तीन मीटर कुठून आणायचे? आणि आयसीयूत तर पेशंट प्लेटवर झोपलेला. विषय बंद.

६ ऑगस्ट, मंगळवार

ग्रिड आता चौकटीत बसवून आली, प्लेट तिच्यात सरकवायची. पट्ट्या आखूड बाजूला समांतर असलेलीच मागवली होती, त्यावरून विक्रेत्याशी पत्रापत्री झाली. आयसीयूत रुंद पेशंटला प्लेट आडवी ठेवतो. पट्ट्या लांब बाजूने असत्या तर त्या पेशंटच्या अंगावर आडव्या आल्या असत्या. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंश उचललेलं असतं, एक्स-रे ट्यूबचा डोक्या-पायाकडचा कोन कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि प्रत्येक वेळी किरण पट्ट्यांना आडवे लागले असते. आता पट्ट्या डोक्याकडून पायाकडे आहेत. त्या दिशेचा कोन चुकला तरी फटीतूनच जातो. डाव्या-उजव्या बाजूचं तेवढं सांभाळायचं.

पहिला पेशंट संध्याकाळी. वजनदार गृहस्थ, व्हेंटिलेटरवर, खाली हवेची गादी. प्लेट आणि ग्रिड मिळून पाटाएवढं जड धूड झालं आहे. त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली. सिस्टरनी व्हेंटिलेटरची ट्यूब एका हाताने धरली, मामांनी आणि दादांनी पेशंटखालची ड्रॉशीट पकडली, "एक, दोन, तीन," आणि मी धूड आत सरकवलं. गादीने लगेच आपला गुण दाखवला. पेशंटचा भार डावीकडे होता, तिकडची हवा दबली आणि प्लेट डावीकडे कलली. कडेवर मोबाईल ठेवून कोन मोजला, पाच अंश.

पाच अंशांची किंमत अशी. रेशो गुणिले कोनाचा टॅन्जंट. ६:१ ला निम्म्याहून जास्त प्रायमरी बुडाला. चेस्ट स्टँडवरची १२:१ इथे आणली असती तर काहीच पार गेलं नसतं. सिस्टरनी पंपावरचं बटण दाबून गादी कडक केली. वळवताना-पुसताना वापरायची ही सोय या गाद्यांमध्ये असते, आमच्यापैकी कोणाला तिची आठवण नव्हती. कोन दीड अंशावर आला. एक्सपोजर दिला. हृदयामागे रायल्स ट्यूब वरपासून खालपर्यंत दिसली. आयसीयूचे रजिस्ट्रार नुसतं "अरे वा" म्हणाले आणि पुढच्या बेडकडे वळले.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज एक फिल्म अशी आली की उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा सरसकट पांढरं. निवासी डॉक्टर पाणी झालंय असं धरून सोनोग्राफी मागवत होते. झोपलेल्या पेशंटमध्ये पाणी पाठीमागे पसरतं आणि असाच एकसारखा पांढुरका पडदा देतं, तेव्हा त्यांचं चुकलं असं नाही. पण छातीच्या बाहेर, काखेतल्या आणि खांद्याच्या मांसातही उजवीकडे तोच पांढरेपणा होता. पाणी काही काखेत भरत नाही. हे ग्रिडचं काम. सोनोग्राफीतही पाणी निघालं नाही.

कारण शोधलं. बीमचा मध्य तीन सेंटीमीटर बाजूला होता. एवढ्याने ६:१ ला १०० सेंटीमीटर फोकसवर (पट्ट्या जिथल्या ट्यूबकडे रोखलेल्या असतात ते अंतर) १८ टक्के नुकसान, तेही चित्रभर सारखं, लक्षातही आलं नसतं. पण ट्यूब जवळ, ८० च्या आसपासही आली होती, कारण पलीकडे डायलिसिसचं मशीन होतं. मध्य आणि अंतर दोन्ही एकदम चुकले की नुकसान एका बाजूला गोळा होतं. ग्रिडच्या चौकटीवर मध्याची ठळक पांढरी रेघ मारली, मशीनच्या ट्यूबला एक मीटरची दोरी बांधली. दोरीला सगळे हसले. लेझर पॉइंटर बिघडतो, दोरी बिघडत नाही.

रिपोर्टिंगच्या खोलीत कागद लावला: एका बाजूचा पांढरेपणा दिसला तर आधी काख बघा.

२१ ऑगस्ट, बुधवार

सॉफ्टवेअर ग्रिडचा डेमो. फुजीफिल्मचा व्हर्च्युअल ग्रिड, फिलिप्सचा स्कायफ्लो या जातीचं काम. ग्रिड लावायचीच नाही. इमेजवरून शरीराची जाडी ताडायची, त्यातून स्कॅटर किती आणि कुठे पसरला असेल याचा अंदाज करायचा आणि तो वजा करायचा. डेमोवाले हुशार होते आणि इमेज खरोखर देखणी आली. प्लेट कलली तरी फरक पडत नाही, वजन नाही, कट-ऑफ (ग्रिडने प्रायमरीच अडवणं) नाही.

फँटमवर मात्र मला हवी ती परीक्षा घेतली. स्कॅटरचा थर वजा करता येतो, त्याच्यासोबत आलेली खरखर वजा करता येत नाही. हजार फोटॉनमधले साडेसातशे स्कॅटरचे असतील तर सरासरी साडेसातशे काढून टाकता येतात, पण त्यांचं वर-खाली होणं मागे उरतं आणि काँट्रास्ट ताणला की तेही ताणलं जातं. मग सॉफ्टवेअर खरखर गुळगुळीत करतं. १० सेंटीमीटर ॲक्रिलिकला सॉफ्टवेअर आणि खरी ग्रिड यांत निवड करायला जागाच नाही, सॉफ्टवेअर सोयीचं. २० ला बारीक लाइनचं टोक खऱ्या ग्रिडमध्ये स्पष्ट, सॉफ्टवेअरमध्ये आहे-नाही. मधल्या बांध्याच्या पेशंटसाठी मी ते आनंदाने घेईन. तक्रार ज्यांच्यावरून सुरू झाली त्या पेशंटसाठी नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दहीहंडी. कॅज्युअल्टीत गोविंदा रात्रीपर्यंत येत होते. मान, मनगट, कंबर. पेल्व्हिस (कमरेचं हाड) टेबलवर, बकीत. मानेचा लॅटरल, बाजूने काढायचा, ग्रिडशिवाय, १८० सेंटीमीटरवरून. खांदा मध्ये येतो म्हणून मान प्लेटपासून लांबच राहते, आपोआप एअर गॅप मिळतो. नव्या इंटर्नने ग्रिड का नाही विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं. बाकी बोलायला वेळ नव्हता.

३ सप्टेंबर, मंगळवार

सिस्टरांची बाजू राहिली होती. पोर्टेबल आलं की आयसीयू रिकामं होतं, पेशंटजवळ कोणी थांबत नाही, हे बरं नव्हे. मीटर घेऊन फँटमभोवती मोजलं. पेशंटच्या बाजूला एक मीटरवर, पेशंटवर पडणाऱ्या बीमच्या हजाराव्या भागाच्या आसपास स्कॅटर मिळतो. दोन मीटरवर त्याचा चौथा हिस्सा. कोलिमेशन केलं की तोही उतरतो, कारण जेवढं शरीर उजळेल तेवढंच उलट किरण फेकेल. चित्र खराब करणारा आणि सिस्टरना घाबरवणारा स्कॅटर एकाच जागेतून निघतो.

सिस्टर इन-चार्जना समोर बसवून आकडे दाखवले. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०. आमच्या टेक्निशियनचे टीएलडी बॅज, अंगावर पडलेली मात्रा नोंदवणारे, दर तिमाहीला तपासणीला जातात आणि त्यांचे आकडे या आकड्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत. त्या म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतं तर आमच्या पोरी लिफ्टपर्यंत पळाल्या नसत्या." ठरलं असं: दोन मीटर मागे, बीमच्या दिशेत नाही, पेशंट धरायचाच असेल तर ॲप्रन.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीमुळे निम्मा स्टाफ रजेवर, तरी प्रोटोकॉल लागला. छातीची जाडी कॅलिपरने मोजायची. २४ सेंटीमीटरच्या वर ग्रिड, हा आमच्या प्लेटवरून आम्ही काढलेला आकडा आहे, दुसरीकडे जसाच्या तसा उचलू नये. लहान मुलांना ग्रिड नाही. ग्रिड लावण्याआधी गादी कडक, मध्याची रेघ, दोरी. एमएएस दीडपटीच्या वर न्यायचा असेल तर कारण लिहायचं. शेवटच्या कलमावर दादा आणि मी बराच वेळ भांडलो. त्यांचं म्हणणं, रात्री कारणं लिहायला हात मोकळा नसतो. तडजोड म्हणून फॉर्मवर खूण करायचे दोन चौकोन ठेवले.

रिपीट रजिस्टर पाहिलं. 'ट्यूब दिसत नाही' हे कारण आता क्वचित. त्याच्या जागी 'ग्रिड कट-ऑफ' हे नवं कारण येऊ लागलं आहे, बहुतेक नोंदी रात्रीच्या आणि बहुतेक कोपऱ्यातल्या बेडच्या, जिथे ट्यूब पूर्ण मागे नेता येत नाही. त्या बेडवर जाड पेशंट आला तर दुसऱ्या बेडवर हलवायचा, की तिथे सॉफ्टवेअरवर भागवायचं, यावर आयसीयूशी सोमवारी बोलायचं आहे. ग्रिडच्या दुसऱ्या नगासाठी खरेदी समितीने तीन कोटेशन मागितली आहेत. रेषांची घनता आणि पट्ट्यांची दिशा मागणीपत्रात मी स्वतः लिहून दिली आहे.